चार ओळी जास्त

कात्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण सांजदैनिकाच्या डेस्कवर सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या कापत बसलेल्या माणसाला लोकांनी दुसरं काय म्हणायचं? त्यालाही ते नाव आवडायचं. डेस्कवर कुणी नवखा आला की हा खुर्ची मागे रेलून सांगायचा, "जगातला कुठलाही मजकूर घे. चार ओळी कमी केल्या की तो सुधारतोच." आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघायचा. सहसा काही उमटायचं नाही.

हा रोग त्यानं घरीही नेला होता. बायको शाळेत गणित शिकवायची. दुकानातून आणायच्या वस्तूंची यादी ती अकरा ओळींची करून द्यायची आणि हा आठ वस्तू घेऊन यायचा.

"अहो, खालच्या तीन कुठे गेल्या?"

"महत्त्वाच्या असत्या तर तू वर लिहिल्या असत्यास."

यावर तिनं वाद घातला नाही. गणितवाली बाई ती. पुढच्या वेळेपासून मीठ पहिल्या ओळीत गेलं आणि याच्या दाढीचा साबण अकराव्या. आठवडाभर दाढी वाढवून फिरला, पण नियम काही मोडला नाही.

नियम साधा होता. बातमीत जे महत्त्वाचं ते वर असतं, त्याहून कमी महत्त्वाचं त्याच्याखाली, आणि तळाशी असतो तो पाचोळा. पानावर जागा कमी पडली की खालून कापायचं. विचार करायचा नाही, वाईट वाटून घ्यायचं नाही, डोळे मिटून शेवटचा परिच्छेद उडवायचा. सत्तावीस वर्षांत या नियमानं त्याला कधी दगा दिला नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती, कारण कापलेलं परत कुणी वाचत नाही.

याशिवाय तो पत्रकार संघटनेच्या स्थानिक शाखेचा चिटणीस होता. कसा झाला? निवडीच्या बैठकीत त्याचं नाव निघालं तेव्हा नको म्हणायला तो हजर नव्हता, म्हणून. शाखेची खोली ऑफिसच्या इमारतीमागे होती. पूर्वी तिथे छपाईच्या कागदाची रिळं ठेवायचे. एकुलत्या एका खिडकीतून मॅनेजरच्या केबिनच्या एसीची पाठ दिसायची आणि तिचं पाणी टपटप पडताना ऐकू यायचं. सभासद तेवीस, खुर्च्या चौदा, आणि खुर्ची कमी पडली असं कधी झालं नव्हतं. आठवडाभर जगाला संघटित व्हा म्हणून सांगणारी ही मंडळी स्वतःच्या बैठकीला यायची म्हटलं की एकेकाला दात, गुडघा आणि सासरे आठवायचे.

तरीही त्या वेळी शाखेवर खरोखरच काम येऊन पडलं होतं. ताईला कामावरून काढलं होतं.

ताई म्हणजे पानं लावणारी बाई. मजकूर, फोटो, जाहिराती असं सगळं कॉम्प्युटरवर पानात बसवून ते छापायला सोडायचं, हे तिचं काम. तिच्याहून तीन वर्षांनी मोठे असलेले संपादकही तिला ताईच म्हणायचे. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांत ती चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन राहत होती. नोकरी गेली की त्या खोल्याही जाणार होत्या. आणि त्या म्हातारीला त्या घरातला उंबरा, न्हाणीची पायरी आणि पलंगाचा कोपरा एवढंच जग अंदाजानं ठाऊक होतं. तिचा एक डोळा गेलेला, दुसरा ऑपरेशनला आलेला.

झालं होतं असं, की एका भर दुपारी अंक छापायला जायच्या घाईत पहिल्या पानावर एका नामांकित डॉक्टरांच्या निधनाची बातमी लागली होती. सोबत फोटो. ताईनं पान सोडायला बोट उचललं आणि ते तसंच धरलं. कारण फोटोतले डॉक्टर वारलेले नव्हते. ते वारलेल्या डॉक्टरांचे धाकटे भाऊ होते, डोळ्यांचे डॉक्टर, आणि मागच्याच आठवड्यात त्यांनी ताईच्या आईचा डोळा तपासला होता. तिनं पान थांबवलं, बरोबर फोटो शोधून काढला, लावला आणि मग सोडलं. यात अकरा मिनिटं गेली. त्या अकरा मिनिटांत बाहेरगावची बस गठ्ठे न घेताच निघून गेली आणि अर्ध्या जिल्ह्याला त्या दिवशी अंक मिळाला नाही. कंपनीनं ताईवर ठपका ठेवला की परवानगीशिवाय पान रोखलं. एका जिवंत माणसाला मारायचं राहिलं याबद्दल आभाराची ओळ कुठे नव्हती.

आता यातली गोम. तो चुकीचा फोटो पास कुणी केला होता? पानाच्या प्रूफवर कोपऱ्यात सही कुणाची होती? कात्रीची. आणि ताई फोनवर फोन करत होती तेव्हा हा कुठे होता? खाली चहा पीत, आणि फोन वर टेबलावर. चहा पिता पिता तो दोन नवख्यांना सांगत होता की आपल्या धंद्यात नजर तीक्ष्ण लागते.

त्या संध्याकाळी तो ताईकडे गेला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "मी सांगतो सगळं," तो म्हणाला. ताईनं सहीचं ते प्रूफ घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

"तू गप्प बस. दोघांच्या नोकऱ्या कशाला घालवायच्या? आणि तू अडकलास तर माझी बाजू कोण लिहिणार? तो आपला अध्यक्ष, कॅप्टन?"

हे मात्र त्याला पटलं. शरम वाटली, पण त्याहून जास्त पटलं. माणसाला आपल्या फायद्याची गोष्ट दुसऱ्यानं समजावून सांगितली की ती किती लवकर पटते, याचं त्याला पुढे फार दिवस आश्चर्य वाटत राहिलं. त्यानं मनाशी ठरवलं की असं पत्र लिहीन, असं पत्र लिहीन, की कंपनी ताईला घ्यायला दारात गाडी पाठवेल.

कंपनी आणि संघटनेत एक करार होता, हिरव्या पुठ्ठ्याची छोटी पुस्तिका. त्यात लिहिलं होतं की कामावरून काढलेल्या सभासदाच्या वतीनं शाखेला पंधरा दिवसांत लेखी अपील करता येईल. फक्त फेरविचार करावा आणि सुनावणी द्यावी अशी मागणी पत्रात स्पष्ट असली पाहिजे. मुदत संपली की विषय संपला.

पाचव्या दिवशी बैठक झाली. अकरा जण आले, शाखेच्या इतिहासातली ही विक्रमी गर्दी. अध्यक्ष होता कॅप्टन, म्हणजे क्रीडा पानाचा संपादक. तो आयुष्यात कुठल्याही संघाचा कॅप्टन नव्हता, पण बोलायचा तसाच. "मंडळी, सामना आपल्या हातात आहे," त्यानं सुरुवात केली, आणि मग दोन तास सामना कुणाच्याच हातात राहिला नाही.

अकरा पत्रकार आणि एक पत्र. देवानं शत्रूवर आणू नये अशी वेळ. पहिल्या ओळीत 'खेद' लिहायचा, 'तीव्र खेद' लिहायचा की थेट 'निषेध', यावर चाळीस मिनिटं गेली. व्यापार पानाचा वार्ताहर, ज्याला सगळे आकडेवाला म्हणायचे, तो 'तीव्र'साठी हटूनच बसला. कुणाला ताईच्या बावीस वर्षांच्या सेवेनं सुरुवात हवी होती, कुणाला वृत्तपत्राच्या कर्तव्यानं. एकानं लोकशाहीपासून सुरू करू म्हटलं, त्याला खाली बसवलं. प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करत होता आणि स्वतःच्या वाक्याला कुणी हात लावला की फुगून बसत होता.

ताई दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी कॅप्टनला तिची आठवण झाली. "ताई, तुम्हाला काही सुचवायचंय?"

"मला त्यातलं काय कळतंय," ताई म्हणाली. "सुनावणी मागा म्हणजे झालं."

सगळ्यांनी हो हो केलं. कात्रीनं ते सगळ्यात शेवटी टिपलं, कारण ते सगळ्यात शेवटी बोललं गेलं होतं.

चार दिवसांनी दुपारी, पानं सोडायच्या ऐन घाईत, तो पत्रावर शेवटचा हात फिरवायला बसला. एका कानाला फोन. पलीकडून वार्ताहर पाणीटंचाईची बातमी सांगतोय, समोर पहिलं पान अर्धं रिकामं, आणि हातात पत्राची छापून काढलेली प्रत. पत्र फक्कड जमलं होतं. पण दुसऱ्या पानावर चार ओळी सांडत होत्या. आणि दोन पानी पत्र कोण वाचतं? हा त्याचा दुसरा नियम होता. त्याची लाल पेनची बोटं शिवशिवली. डोकं पाणीटंचाईत आणि हात सवयीत, अशा अवस्थेत त्यानं शेवटच्या परिच्छेदावर एक सुरेख तिरकी रेघ मारली, कॉम्प्युटरवरूनही तो उडवला आणि नवी प्रत काढली. एक पान. खाली सह्यांपुरती जागा, वर बोटभर कोरा कागद. त्यानं ते हातभर लांब धरून पाहिलं आणि स्वतःवरच खूष झाला.

मग सह्या. सात पदाधिकाऱ्यांच्या लागत. कॅप्टननं टीव्हीवरच्या धावसंख्येवरची नजर न काढता सही केली आणि "झकास" म्हणाला. आकडेवाल्यानं फक्त 'तीव्र' कुठे गेलं म्हणून विचारलं, म्हणजे त्यानं निदान पहिली ओळ तरी वाचली होती. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. पत्रकार स्वतःचं छापून आलेलं तीनदा वाचतो, दुसऱ्याचं वाचायला त्याला पैसे द्यावे लागतात. दहाव्या दिवशी पत्र एचआरच्या टेबलावर पोचलं, पोच मिळाली. कात्रीनं ताईला फोन करून सांगितलं, "ताई, निर्धास्त राहा. असलं पत्र त्यांच्या बापजन्मात त्यांना आलं नसेल."

हे मात्र अगदी खरं निघालं.

अठराव्या दिवशी उत्तर आलं. कात्रीनं पाकीट फोडलं आणि आधी, सवयीप्रमाणे, त्यातली भाषा तपासली. एक वाक्य लांबलंय, एक शब्द दोनदा आलाय. मग मजकूर डोक्यात शिरला.

'आपले पत्र मिळाले. त्यात व्यक्त केलेल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. पत्रात कोणतीही मागणी केलेली नसल्याने कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही. विहित मुदतीत अपील दाखल न झाल्याने सेवासमाप्तीचा निर्णय कायम झाला आहे. निवासाची जागा महिनाअखेर रिकामी करावी.'

मागणी केलेली नाही? डोळे फुटले का यांचे? तो तरातरा शाखेच्या खोलीत गेला, फाईल काढली आणि पत्राची प्रत वाचायला लागला. खेद होता. बावीस वर्षांची सेवा होती. वृत्तपत्राचं कर्तव्य होतं. लोकशाहीसुद्धा कुठूनशी परत घुसली होती. मग 'आपले विश्वासू' आणि सात सह्या. त्यानं प्रत उलटली, मागे कोरं होतं. फाईलमध्ये तिच्याखालीच पहिली प्रत होती, लाल पेनची. दुसऱ्या पानावर चार ओळी आणि त्यांच्यावर ती सुरेख तिरकी रेघ. 'सबब हे पत्र अपील समजून निर्णयाचा फेरविचार करावा आणि सुनावणी द्यावी.'

तो खुर्चीत बसला आणि बाहेर टपटपणारं पाणी ऐकत राहिला. मग त्याच्या मनात एक विचार आला. चांगला नव्हता, पण आला. पत्र कुणीच वाचलेलं नाही. सही करणाऱ्या सातांपैकी एकानंही नाही. ताईनंही नाही, तिनं विश्वास ठेवला होता. कंपनीनं अपील फेटाळलं एवढंच सांगितलं तर? कंपनीला शिव्या द्यायला सगळे तयारच असतात. आपण तर भाषणही ठोकू. लाल पेनची ती प्रत फाडली की कुणाच्या बापाला कळणार नाही. त्यानं ती हातात घेतलीही. मग ती घडी करून खिशात घातली आणि घरी गेला.

बायकोनं जेवताना विचारलं, "काय झालंय? घास तोंडात फिरतोय नुसता."

त्यानं पत्राची प्रत तिच्यासमोर ठेवली. चाळीस मुलांचे पेपर तपासणारी बाई, तिनं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. हे पत्र संपूर्ण वाचणारी जगातली ती पहिली व्यक्ती.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "पण मागितलंय काय?"

मग त्याला रडूच आलं. चोपन्न वर्षांचा माणूस, ताटावर बसून रडला. दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या, फोटोचीही आणि चार ओळींचीही. ती ऐकत राहिली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, पण पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग म्हणाली, "ती तुमची हिरवी पुस्तिका कुठाय?"

"तिचं काय करायचंय आता? मुदत संपली."

"आणा तर."

ती चष्मा लावून वाचत बसली. भांडी तशीच पडली. अर्ध्या तासानं तिनं पुस्तिका त्याच्यासमोर उलटी ठेवली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. कलम एकोणतीस. अपिलात लिखाणाची चूक राहिली असेल आणि ज्याची चूक त्यानं ती स्वतः लेखी कबूल केली, तर मुदतीनंतरही ते दाखल करून घेता येईल.

"हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

"शेवटचं कलम आहे," बायको म्हणाली. "तुम्ही कशाला वाचाल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या दारात उभा राहिला. घरात दोन खोकी अर्धी भरलेली होती. कंपनीचं पत्र तिलाही मिळालं होतं. आई पलंगाच्या कोपऱ्यावर बसून विचारत होती, "कोण आलंय गं?"

"डेस्कवरचा आहे, आई."

कात्रीनं लाल पेनची प्रत तिच्या हातात दिली आणि जे घडलं ते सांगितलं. मधे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. ताई खिडकीशी गेली. तिनं वाचलं नाही, आधी कागद उजेडात धरून नुसता पाहिला. बावीस वर्षं तिनं पान असंच पाहिलं होतं, शब्द नाही, जागा.

"चार ओळी," ती म्हणाली.

"हो."

"एवढ्याच?"

"एवढ्याच."

"दोन्ही बाजूंचा समास जरासा ओढला असता ना, तर बसल्या असत्या." तिचा आवाज चढला नाही, तेच जड गेलं. "मला दिलं असतंस तर मी बसवल्या असत्या. एक अक्षर न कापता. इतकी वर्षं तुझं सगळं मीच बसवत आले ना रे?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. इतक्या वर्षांत आपण कापायचं विसरलो आणि तरीही पान नीट निघालं, असे किती दिवस गेले असतील, हे तो उभ्या उभ्या मोजू लागला आणि मग त्यानं मोजणं सोडून दिलं.

ताईनं डोळे पुसले, खोक्यावरचा लॅपटॉप उघडला. "सांग आता. तू बोल, मी लावते. कापायचं काही नाही."

तो सांगत गेला. मी शाखेचा चिटणीस. अपील ठरलं होतं, लिहिलंही होतं, घाईत माझ्या हातून शेवटचा परिच्छेद कापला गेला, चूक संपूर्ण माझी, सोबत मूळ प्रत जोडली आहे. मग तो थांबला आणि पुढचा परिच्छेद सांगितला. त्या दिवशीचा चुकीचा फोटो मीच पास केला होता. ताईंनी परवानगीसाठी मला फोन केले. मी जागेवर नव्हतो.

ताईची बोटं थांबली. "हे नको."

"लिही."

"कलमाला याची गरज नाही. वरच्या परिच्छेदावरच काम होतंय. हे कशाला? तुझी मुलगी अजून शिकतेय." आणि मग बावीस वर्षांत जे तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, ते तिनं म्हटलं. "हा शेवटचा परिच्छेद काप."

कात्रीनं स्क्रीनकडे पाहिलं. खरंच, किती सोपं होतं. तळाशीच होता तो, डोळे मिटून उडवायच्या जागेवर. आणि कापायला सांगत होती तीही ताई. पण सुनावणीत पहिला प्रश्न काय येणार होता, ते त्याला कळत होतं. परवानगी का नाही घेतली? त्याला ताईजवळ एकच उत्तर होतं, आणि ते ती देणार नव्हती.

"तळाशी आहे म्हणून कापावंसं वाटतंय," तो म्हणाला. "उचल आणि वर घे. सगळ्यात वर. पहिला परिच्छेद."

"वेडा आहेस."

"आणि पर्समधलं ते सहीचं प्रूफ दे. जोडायचंय."

पलंगावरून आईनं विचारलं, "काय कापताय रे सकाळी सकाळी?" ताईनं परिच्छेद उचलून वर नेला. पत्र एका पानात बसलं, खाली एकच सही.

एचआरच्या मॅडम वयानं लहान होत्या आणि टेबलावर एकही कागद ठेवत नव्हत्या. कात्रीनं पत्र ठेवलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "मुदत संपली आहे, हे कळवलंय तुम्हाला." मग सहज म्हणून पहिल्या ओळी वाचल्या आणि नीट बसल्या.

"हा फोटो तुम्ही पास केला होता?"

"हो. सही माझीच आहे."

"म्हणजे त्यांनी परवानगी घ्यायची होती ती..."

"माझी. मी चहाला गेलो होतो."

मॅडमनी जोडलेल्या प्रूफवरची सही पाहिली. "मुदतीच्या मुद्द्यासाठी हे लिहायची गरज नव्हती. याचे परिणाम तुम्हाला माहीत असतील."

"माहीत आहेत."

"खरं सांगू का? तुमच्या संघटनेची पत्रं मी पहिल्या परिच्छेदापुढे वाचत नाही, फक्त शेवटी मागणी आहे का ते बघते."

"कुणीच वाचत नाही, मॅडम," कात्री म्हणाला. "म्हणूनच वर घेतलं."

सुनावणी आठव्या दिवशी झाली आणि वीस मिनिटांत आटोपली. ताई सोमवारी कामावर आली. खोकी पुन्हा रिकामी झाली, आणि खोल्या सोडायची वेळ आली होती हे आईला शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही. कात्रीची मुख्य उपसंपादकाची खुर्ची गेली. त्याला हवामान आणि 'आजचे कार्यक्रम' या कोपऱ्यावर बसवलं, जिथे कापण्यासारखं काही नसतं. किमान तापमान कितीही लांबलं तरी दोन आकड्यांच्या पुढे जात नाही. शाखेचा राजीनामाही त्यानं दिला. कॅप्टननं तो फेटाळला, कारण नवा चिटणीस निवडायचा तर बैठक बोलवावी लागली असती.

एक काम मात्र राहिलं होतं. झालेल्या प्रकाराची हकिगत शाखेच्या फलकावर लावायची होती, सभासदांच्या माहितीसाठी. ती त्यानं स्वतःच लिहिली, स्वतःसाठी एकदाही 'अनवधानानं' हा शब्द न वापरता. पान काढलं तर दुसऱ्या पानावर सांडलं. त्यानं लाल पेन उचलला, टोपण काढलं, तसाच उभा राहिला. मग टोपण लावून तो ताईच्या टेबलाशी गेला आणि कागद तिच्यासमोर ठेवला.

"किती जास्त आहे?" तिनं वर न बघता विचारलं.

"चार ओळी."

ताईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिनं आपली खुर्ची बाजूला सरकवली आणि त्याला शेजारी बसायला जागा करून दिली.